हिवरतळची ढोलपेटी

सांगलीत विजयनगरच्या पुढं, टायरवाला आणि झेरॉक्सवाला यांच्या मधल्या गाळ्यात जोतीराम गोरड बसतो. दारावर पाटी नाही. ज्यांना माहीत आहे ते येतात. ज्यांना माहीत नाही ते पंक्चर काढायचं म्हणून चुकून आत डोकावतात आणि सोल्डरचा धूर बघून मागं फिरतात. तो नेमकं काय करतो हे त्याच्या बायकोला, पल्लवीलासुद्धा, धड सांगता येत नाही. माहेरी कुणी विचारलं तर ती 'आवाजाचं काहीतरी करतात' म्हणून मोकळी होते. त्यात खोटं काही नाही.

हल्ली आवाज म्हणजे आकड्यांची रांग. मोबाइलमध्ये म्हणा, पेनड्राइव्हमध्ये म्हणा, गाणं असं कुठं नसतंच. असतात ते नुसते आकडे. आणि स्पीकरच्या पडद्याला आकडे कळत नाहीत. त्याला कळतो विजेचा दाब. दाब वाढला की पडदा पुढं, उतरला की मागं. तेव्हा आकड्यांचा दाब करून देणारं कुणीतरी मध्ये लागतं. त्या सर्किटला डॅक म्हणतात. बाजारात ते नखाएवढ्या चिपमध्ये तयार मिळतं आणि दुनियेचं त्यावर भागतं. जोतीरामचं भागत नाही. तो सुटे रेझिस्टर घेऊन त्यांची शिडी बांधतो. मापं दोनच, एक दुसऱ्याच्या दुप्पट, आणि प्रत्येक आकड्याला शिडीवरची आपली पायरी. सगळे रेझिस्टर एकमेकांशी जुळले तर पायऱ्या सारख्या पडतात. एखादा फसवा निघाला तर पायरी वाकडी होते आणि आवाज तिथं ठेचकाळतो. म्हणून बायका ज्वारी निवडतात तसा तो दिवसच्या दिवस रेझिस्टर निवडत बसतो. पुण्या-मुंबईचे हौशी लोक त्याच्याकडून डॅक करून नेतात आणि फोनवर आवाजाचं कौतुक करता करता थकत नाहीत. जोतीराम 'हं, हं' करत ऐकतो आणि फोन ठेवून देतो. त्याला त्या कौतुकाचा वीट आलेला आहे. कारण याच सर्किटानं त्याच्या बापाची देवळातली जागा घेतली, आणि ती कुणी परक्यानं घेतली नाही, त्यानंच घेतली.

हिवरतळ हे जत तालुक्यातलं गाव. गाव म्हणायचं ते कागदावर. एरवी माळ, माळावर हिवराची झाडं आणि झाडांमधून विखुरलेल्या वस्त्या. धनगरांची घरं जास्त. पावसाळा सरला की निम्मं गाव मेंढरं घेऊन कृष्णाकाठाला उतरायचं, लोकांच्या रानात मेंढरं बसवायचं आणि उन्हाळ्याच्या अखेरीला परतायचं. जोतीरामचे वडील तात्याबा त्यातलेच. कळप बेताचा, जमीन बेताची, बोलणंही बेताचं. पण बिरोबाच्या देवळात गेले की तात्याबा वेगळे. ढोल वाजवायचा मान गोरडांच्या घरात होता, बापाकडून मुलाकडं आलेला. गावच्या कारभाऱ्यापासून परगावच्या पाहुण्यापर्यंत सगळे देवासमोर हात जोडून उभे राहायचे. तात्याबा देवाच्या उजव्या अंगाला उभे राहायचे. ज्या माणसाला तालुक्याच्या कचेरीत कुणी 'बसा' म्हणत नाही, त्याला वर्षातून एकदा अशी जागा मिळते, तेव्हा ती जागा म्हणजे काय चीज आहे हे शहरात पंख्याखाली बसून कळायचं नाही.

दसरा झाला की जत्रा, आणि जत्रेत भाकणूक. अर्जुना म्हणून देवऋषी आहे, तात्याबांच्याच वयाचा, दोघांनी एका तळावर मेंढरं राखलेली. तो खांद्यावर घोंगडं टाकून देवळापुढच्या पटांगणात उभा राहायचा. तात्याबा ढोल गळ्यात अडकवायचे. एका तोंडावर काठी, दुसऱ्यावर उघडा हात. आधी संथ, मग चढत. चढत चढत अशी वेळ यायची की अर्जुनाचे पाय थरथरायचे, मान फिरायची आणि देव अंगात यायचा. मग तो वर्षाचा पाऊस सांगायचा, कुठलं पीक साधेल, मेंढरांवर कुठला रोग पडेल ते सांगायचा, आणि त्यानंतर एकेक जण पुढं होऊन आपलं गाऱ्हाणं घालायचा. देव खरंच येतो का यावर ज्यांना वाद घालायचा त्यांनी खुशाल घालावा. हिवरतळात तो येत होता आणि तात्याबांच्या ढोलावर येत होता.

मुलानं ढोल शिकायचा ही रीतच होती. जोतीराम पोरसवदा असताना जत्रेच्या तालमीत त्याच्या गळ्यात ढोल अडकवला गेला. पोरानं जीव तोडून वाजवला. तात्याबांनी मान खाली घालून सगळं ऐकलं, मग ढोल काढून घेतला आणि चारचौघांत म्हणाले, "ह्याच्या हाताला गोडी न्हाई. घाला ह्याला साळंत."

आपल्याकडं पोराला शाळेत घालणं म्हणजे त्याचं भलं करणं समजतात. त्या घरात ती हकालपट्टी होती. जोतीराम वसतिगृहात गेला, शिकला, कऱ्हाडला डिप्लोमा केला, साताऱ्याच्या एमआयडीसीत एका कंपनीत लागला. कंपनी स्टँडावरच्या अनाउन्समेंटची यंत्रं बनवायची. आकड्यांचा आवाज करायला तो तिथं शिकला. पुढं कंपनीनं परदेशातून तयार बोर्ड आणायला सुरुवात केली, डिझाइनचा विभाग गुंडाळला, आणि जोतीराम सांगलीला येऊन गाळ्यात बसला. लग्न झालं, बस्तान बसलं. या सगळ्या वर्षांत त्यानं पुन्हा ढोलाला हात लावला नाही. ती तालीम मात्र त्याच्या मनात ठसठसत राहिली. बापाचं वाक्य खरं होतं हे त्याला ठाऊक होतं, आणि ते खरं होतं म्हणूनच जास्त लागलं होतं.

दरम्यान हिवरतळची पोरं एकेक करून गलाईच्या धंद्याला बाहेर पडली. कुणी केरळात, कुणी तामिळनाडूत, सोनं-चांदी गाळायच्या दुकानांत. रोजच्या आरतीला पुजारी आणि दोन म्हाताऱ्या उरल्या. तात्याबाही कळपामागं महिनोन्‌महिने बाहेर, मग आरतीला ढोल वाजवणार कोण? तेव्हा देवळाच्या ट्रस्टचा अध्यक्ष जयराज यानं बाजारातून एक पेटी आणली. बटण दाबलं की आतून ढोल वाजतो. ढोल कसला, पत्र्याच्या डब्यावर कुणी चमचा बडवावा तसला आवाज! गाव हसून हसून बेजार झालं. जयराज तसा हौसेचा, पुण्यात चार वर्षं राहून आलेला, त्याला हे झोंबलं. तो पेटी काखेत मारून थेट सांगलीला जोतीरामच्या गाळ्यात हजर झाला.

"जोती, तू आवाजाचं करतोस म्हनं. बघ की गड्या हिच्याकडं. पार इज्जत घालवली हिनं."

जोतीरामनं पेटी उघडली. आतली चिप खेळण्यात घालतात त्या जातीची. "ही टाकून दे," तो म्हणाला. "मी करतो. आमच्या आबांचाच ढोल घालतो आत."

हे बोलताना त्याला आनंद झाला होता. अगदी खरा, पोरकट आनंद. जे बापाच्या हातात होतं ते आता आपल्याही हातून वाजणार, मधून कातडं आणि काठी गाळून, रेझिस्टरांच्या वाटेनं. एवढ्यावर तो खूश होता. पुढचं त्याला दिसलं नाही. दिसलं असतं तरी तो थांबला असता, याची मला खात्री नाही.

आवाज भरून घ्यायला जोतीराम गावी गेला तेव्हा तात्याबांनी धुवट धोतर नेसलं, फेटा बांधला. आबा, फोटो नाही काढायचा, नुसता आवाज घ्यायचाय, असं सांगूनही फेटा उतरला नाही. मेंढरांच्या रिकाम्या वाड्यात घोंगडी टांगून जोतीरामनं माइक लावले.

"आबा, एकेक ठोका सुटा द्या."

"सुटा?" तात्याबा त्याच्याकडं बघतच राहिले. "ठोका सुटा कसा असतोय रं? मागचा हाय म्हून म्होरला हाय."

मग सुटे ठोके सोडून अख्ख्या चाली घेतल्या. दिवसभर घेतल्या. तात्याबा दमले की थांबायचं, चहा घ्यायचा, पुन्हा सुरू करायचं. सांगलीला आल्यावर जोतीरामनं त्यातलं उत्तम तेवढं ठेवलं. जिथं हात जड पडला होता ते काढलं, जिथं दम लागला होता ते काढलं, जिथं खांदा दुखून काठी चुकली होती तेही काढलं. पेटीत गेला तो कधीच न दमणारा तात्याबा.

पेटी देवळात लागली आणि गाव गप्प झालं. वस्त्यांवरून लोक बघायला आले. तात्याबा त्या वर्षी कळप पुतण्याच्या हवाली करून घरीच राहिले आणि रोज संध्याकाळी देवळाच्या पायरीवर बसून ऐकू लागले. कुणी दिसलं की सांगायचे, "माजाच हात हाय त्यो." एकदा त्यांनी मुलाला फोनवर विचारलं, "लाइट गेली तर रं?"

"बॅटरी हाय, आबा. लाइट गेली तरी थांबत न्हाई."

"लय चांगलं केलंस," तात्याबा म्हणाले. बिचाऱ्यांना वाटलं, आपलं काही चांगलं झालं.

जत्रा जवळ आली तेव्हा जयराजनं विषय काढला. ढोलाच्या जोडीला कैताळ, म्हणजे मोठ्या झांजा, वाजवणारी पोरं केरळातून येणार नव्हती, तात्याबांचा खांदा धरला होता. "तात्याबा, आता वय झालं तुमचं. भाकणुकीलाबी पेटीच लावूया. तुमचाच तर ढोल हाय आत."

तात्याबा मोठ्यानं हसले. "लाव की! देव काय बटनावर येतोय व्हय?"

आणि खरोखर आला नाही. पटांगण माणसांनी भरलेलं, पेटी सुरू, चाल चढत चाललेली, आणि अर्जुना घोंगडं घेऊन नुसता उभा. एस. टी.ची वाट बघणारा माणूस उभा असतो तसा. पेटीतली चाल संपली, पुन्हा सुरू झाली, पुन्हा संपली. कुणीतरी खुसखुसलं आणि मग सगळं पटांगण हसायला लागलं. तात्याबांनी शांतपणे देवळात टांगलेला आपला ढोल उतरवला, गळ्यात अडकवला आणि पहिली फेरी पुरी व्हायच्या आत अर्जुनाचे पाय सुटले. भंडारा उधळला गेला. जोतीराम पेटीजवळ वायर गुंडाळत होता. भाकणूक उरकून तात्याबा त्याच्या जवळून गेले, थांबले आणि लोकांना ऐकू जाईल असं म्हणाले, "हाताला गोडी नसंल तर पेटीत कुटनं येणार?"

म्हातारा जिंकला होता आणि जिंकल्याच्या भरात बोलून गेला. त्याला कुणी सांगावं की समोर उभा आहे तो हरलेलं विसरणाऱ्यातला नाही? लोक परत हसले. जोतीरामनं पेटी गाडीत टाकली आणि जेवायलाही न थांबता सांगली गाठली.

इथून पुढं त्यानं जे केलं ती चूक करायला माणूस दोन्हीकडचा असावा लागतो. नुसता इंजिनिअर असता तर देव येणं-बिणं त्यानं मानलंच नसतं, आणि नुसता धनगर असता तर देवाची मर्जी म्हणून गप्प बसला असता. जोतीरामनं देव न येणं हा सर्किटमधला दोष धरला, आणि तो शोधायला बसला.

दोष सापडलाही. माणसाच्या बोलण्याला तळाचा घुमारा लागत नाही, उलट तो गचाळ वाटतो. म्हणून आवाज बाहेर जातो त्या वाटेवर लहान कपॅसिटर टाकून तळ कापायचा, ही साताऱ्याच्या कंपनीतली सवय. पेटीतही त्यानं सवयीनं तेच केलं होतं. ढोलाचा जो भाग कानाला कमी आणि पोटाला जास्त कळतो, तो वाटेतच अडत होता. दुसरा दोष याहून बारीक. आवाज उतरत उतरत शिडीच्या मधोमध आला की पायऱ्या जोडणारे-तोडणारे सगळे स्विच एकदम उलटतात. एखादा कणभर मागं राहिला की बारीकशी 'टिक' उमटते. मोठ्या ठोक्यात ती दडते. पण ठोक्यानंतर ढोल जो घुमत राहतो, तो नेमका त्या मधल्या जागेभोवतीच घुमतो, आणि तिथंच पेटी खरखरत होती. जोतीरामनं मोठा कपॅसिटर टाकला, सगळे स्विच एकाच इशाऱ्यावर उलटतील अशी जोडणी केली, वरच्या पायऱ्यांचे रेझिस्टर नव्यानं निवडले, उन्हानं त्यांचं माप हलू नये म्हणून सगळी शिडी जाड ॲल्युमिनियमच्या डबीत बंद केली. भलाथोरला स्पीकर करून घेतला, जमिनीलगत ठेवायचा. पुण्याच्या गिऱ्हाइकांची कामं पडून राहिली. लोक फोन करून करून कंटाळले.

"एवढं कुणासाठी चाललंय?" पल्लवीनं एकदा जेवताना विचारलं.

"देवासाठी."

"देवाला काय कमी पडलंय?" ती म्हणाली. "आबांचा विचार केलाय का? त्यांच्याकडं दुसरं काय हाय?"

जोतीराम ताटावरून उठला. पल्लवीचं बोलणं त्याला समजलं नव्हतं असं नाही. समजलं होतं. पण हात थांबला नाही, कारण सर्किट जुळत आलं होतं, आणि जुळत आलेलं सर्किट अर्ध्यावर सोडणं त्याच्यानं झालं नाही. एवढा एक गुण त्यानं बापाकडूनच उचलला होता.

पुढच्या जत्रेला तात्याबा ढोल घेऊन तयारच होते. फेटा बांधलेला, चेहऱ्यावर गेल्या वर्षीचं हसू. "चालू दे तुजं आदी," ते जोतीरामला म्हणाले. "मग मी हायेच."

जोतीरामनं बटण दाबलं. पहिल्या ठोक्याला देवळाच्या पायरीवर बसलेल्या बायका दचकून उठल्या. आवाज कानावर आदळत नव्हता, जमिनीतून पायात चढत होता. तात्याबांच्या ओठांवरचं हसू मावळलं. तो त्यांचाच हात होता, पण असा हात त्यांनी स्वतःही कधी ऐकला नव्हता. कारण वाजवणाऱ्याला आपला ढोल असा समोरून कुठं ऐकायला मिळतो? चाल चढली. अर्जुनाच्या पायाची बोटं आवळली, गुडघे हलले, मान फिरली. "चांगभलं!" म्हणून लोक ओरडले आणि भंडाऱ्यानं पटांगण पिवळं झालं.

जोतीरामला आधी आनंदच झाला. त्यानं वळून बापाकडं बघितलं, शाबासकीच्या आशेनं, होय, त्याही वेळी शाबासकीच्या आशेनं. तात्याबा गळ्यातला ढोल दोन्ही हातांनी धरून उभे होते, अडगळीत उभं राहिल्यासारखे. लोकांना पुढं सरकायला त्यांची अडचण होत होती. कुणीतरी 'जरा बाजूला सरा' म्हणालं, आणि ते सरले.

जयराजनं मानाचा फेटा त्या वर्षी जोतीरामला बांधला. त्यानं तो बांधून घेतला.

दुसऱ्या दिवशी त्यानं अर्जुनाला मळ्यात गाठलं. "अर्जुनाकाका, खरं सांगा. आलावता का देव? का लोकांसाठी?"

अर्जुना रागावला नाही. "मला काय कळतंय, पोरा," तो म्हणाला. "मी सोंग करत न्हाई. पाय सुटलं की सुटलं. तुज्या बापाचा हात हुता, पर लय तरणा हुता. आमी दोगं इळभर मेंढरं हिंडवून सांच्याला गजीत नाचायचो, तवाचा वाटला." मग त्यानंच विचारलं, "तात्याबाला बोललास का?"

जोतीराम बोलला नव्हता. घरी तात्याबांनी ढोल माळ्यावर टाकला होता आणि त्यावर पोती टाकली होती. आता नुसत्या जत्रेला नव्हे, वर्षभर दर अमावस्येला पेटीवर अर्जुनाच्या अंगात आलं. रोज दोन वेळा देवळातून ढोल घुमायचा तो वस्तीवर तात्याबांना स्वच्छ ऐकू यायचा. जोतीरामनं तळाची कसर भरून काढली होती ना, आता तो माळ ओलांडून पोचत होता! आई फोनवर सांगायची, आरतीची वेळ झाली की तुजा बा मेंढरं घेऊन लांब जातोय. खांदा दुखत असतानाही जातोय. जोतीराम 'बरं' म्हणायचा. रागावले असते, शिव्या दिल्या असत्या तर तोंड तरी दाखवता आलं असतं. तात्याबा चांगलं वागत होते. गेलं की पाणी दे म्हणायचे, कधी आलास विचारायचे. असं वागणं सोसायला लोखंडाचं काळीज लागतं, आणि जोतीरामचं तसं नव्हतं.

म्हणून तिसऱ्या जत्रेला त्यानं ठरवलं. भाकणुकीच्या वेळी सगळ्यांच्या देखत त्यानं पेटीची वायर काढली. जयराज "अरं, अरं, काय करतोस?" म्हणेपर्यंत तो गर्दीतून वाट काढत घरी गेला, माळ्यावरून ढोल उतरवला, धूळ पुसली आणि खांद्यावर घेऊन परत आला. तात्याबा मागं, चिंचेखाली म्हाताऱ्यांत बसले होते.

"आबा, उठा. वाजवा."

"कशाला आता? चाललंय न्हवं ब्येस?"

"आवं, मी म्हणतोय म्हणून वाजवा."

तात्याबा उठले. लोकांनी वाट दिली. उजव्या अंगाच्या त्यांच्या जागेवर आता स्पीकर ठाण मांडून होता, म्हणून ते त्याच्यापुढं थोडं तिरकं उभे राहिले. ढोल गळ्यात घेतला, हात टेकवला, आणि सुरू केलं.

चांगलं वाजवलं त्यांनी. त्या वयाला कुणी वाजवणार नाही असं वाजवलं. पण जोतीरामचा कान आता नासला होता. हात कुठं जड पडतोय, दम कुठं लागतोय, काठी कुठं चुकतेय, जे जे त्यानं सांगलीला बसून कापून टाकलं होतं ते सगळं त्याला एकेक करून ऐकू येत होतं. आणि ते आपल्याला ऐकू येतंय याची त्याला किळस आली.

अर्जुना डोळे मिटून उभा होता. चाल चढली. अर्जुना तसाच. तात्याबांनी आणखी जोर लावला. अर्जुनानं पाय हलवून बघितले, घोंगडं सारखं केलं. घाम तात्याबांच्या डोळ्यांत उतरला. या वर्षी कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं. "पेटीच बरी हुती बाई," एक म्हातारी हळूच म्हणाली आणि ते सगळ्यांना ऐकू गेलं. अर्जुनानं डोळे उघडले आणि आपल्या मित्राकडं बघितलं. त्यानं त्या वेळी नुसतं अंग हलवलं असतं, खोटंच घुमला असता, तर जोतीरामनं जन्मभर त्याचे पाय धुतले असते. पण अर्जुना सोंग करणाऱ्यातला नव्हता, आणि त्या दिवशी नेमकं तेच नडलं.

तात्याबा थांबले. काठी कमरेला खोचली. "जोती," ते म्हणाले, "लाव तुजी पेटी. लोकं खोळंबल्यात."

"आबा..."

"लाव म्हंतोय न्हवं. त्यो माज्यापरीस बरा वाजवतोय."

कसलाही कुत्सितपणा नव्हता त्या बोलण्यात. सकाळी पाऊस पडला म्हणावं तसं म्हणाले. जोतीरामनं वायर लावली. पहिली फेरी संपायच्या आत अर्जुनाचे पाय सुटले, आणि गर्दी पुढं लोटली.

भाकणूक झाली. पाऊस-पाणी सांगून झालं. मग गाऱ्हाणं घालणाऱ्यांची रांग लागली. तात्याबांनी ढोल देवळाच्या भिंतीला टेकवून ठेवला आणि ते रांगेत जाऊन उभे राहिले. पुढं येईल त्याच्या कपाळाला भंडारा लावून देव आधी एकच विचारतो, "कोन रं तू? कुनाचा?" मग माणसानं आपलं नाव सांगायचं, बापाचं सांगायचं, गाव सांगायचं. ढोलकऱ्याला हे कधी विचारलं जात नाही, कारण ढोलकरी देवासमोर येतच नाही, तो देवाच्या बाजूला असतो. तात्याबांची पाळी आली. अर्जुनाचा अंगठा त्यांच्या कपाळावर टेकला आणि ओठ हलले, सगळ्यांना विचारताना हलत होते तसेच.

तात्याबा वाकून काहीतरी सांगू लागले. ते ऐकावं म्हणून जोतीरामचा हात आवाज कमी करायच्या बटणाकडं गेला. पण ढोल कमी केला तर अर्जुनाच्या अंगातलं उतरलं असतं आणि मागची रांग तशीच राहिली असती. त्यानं हात मागं घेतला. स्पीकर त्याच्या कानाशीच घुमत होता. बाप काय म्हणाला ते त्याला ऐकू आलं नाही.